सुनयनाच्या वजनातला कडता

आमच्या सुनयनाला लोक जाडी म्हणायचे, आणि बरेचजण तोंडावर म्हणायचे. मला त्याचा फार संताप यायचा. तिला यायचा नाही. "जाडीला जाडी न्हाय तर काय वेलदोडा म्हणतील, वन्सं?" असं म्हणून ती हसायची आणि परातीतला पुढचा गोळा थापायला घ्यायची.

सुनयना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, हौसेरावची, बायको. हौसा एपीएमसी मार्केटच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होता, टोळीचा मुकादम. टोळीतले बहुतेक गडी आमच्याच कोरेगाव तालुक्यातले, बायकापोरं गावी ठेवून आलेले. त्यांच्या पोटाची सोय व्हावी म्हणून सुनयनानं तुर्भ्याच्या आमच्या दोन खोल्यांत खानावळ घातली. माझे यजमान गेल्यावर मीही गाव सोडून तिच्या हाताखाली आले. हाताखाली हे आपलं म्हणायला. नणंद पडले मी. हुकूम मी सोडायची आणि राबायची ती.

खानावळवाली जाड असली की लोकांना वाटतं, बाई बसून तूप ओरपते. त्यांनी एकदा आमच्याकडे येऊन बघायला हवं होतं. पहाटे उठून ती आमटीला फोडणी द्यायची, ती तळहातावर घेऊन चाखायची, मग उसळ चाखायची, मग भात शिजला का बघायची. गडी जेवून उठेपर्यंत दुपार कलायची. त्यानंतर ही जेवायला बसायची, आणि जेवायची काय, तर उरलेलं. अन्न टाकायचं नाही हा तिचा नेम. तिघांचा भात उरला तर तिघांचा भात पोटात. मधे चार-पाच वेळा साखर घातलेला चहा. फिरणं म्हणाल तर चुलीपासून मोरीपर्यंत. मी बोलायची, ती ऐकून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच.

चौऱ्याण्णव साली तिला दिवस राहिले. हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, कारण आम्ही आशा सोडली होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती पहिल्यांदा गरोदर होती. बाळंतपणाला माहेरी गेली, आठव्या महिन्यात झटके आले आणि मूल पोटातच गेलं. मुलगा होता. ती वाचली हेच नशीब, असं सगळे म्हणाले आणि विषय मिटवून टाकला. त्यानंतर सात वर्षं काही नाही. आणि आता हे.

टोळीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. मग जो गडी गावाहून येईल तो वहिनीसाठी काहीतरी घेऊन यायला लागला. कुणी साताऱ्याचे कंदी पेढे, कुणी घरचं तूप, कुणाच्या आईनं बांधून दिलेले डिंकाचे लाडू. "वहिनी, आता दोन जिवांचं खायचं," असं म्हणून तो डबा पुढे करायचा, आणि सुनयना कुणाचं मन मोडायची नाही. फळीवर डब्यांची रांग लागली. ती बघून मला बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. शेवटी मी तिला उचललं आणि कोपरखैरण्याला डॉक्टर खुर्शीद यांच्याकडे नेलं.

डॉक्टर खुर्शीद उरणकडच्या. बारीक चणीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं रोखठोक. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी सुनयनाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं नाही, हे मी आधी टिपलं. पाहिलं असतं तर माझं तोंड सुटलंच असतं. त्यांनी ब्लड प्रेशर बघायला घेतलं, दंडाला पट्टा पुरेना, तेव्हा उठून कपाटातून रुंद पट्टा काढला. म्हणाल्या, "अरुंद पट्ट्यानं दाब खोटा दिसतो. मला खरा पाहिजे." मग मागचं सगळं विचारलं. झटक्यांचं ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सुनयना, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "जाड असणं हा काय गुन्हा नाही. पण अंगावर एवढं वजन असलं की गरोदरपणात रक्ताचा दाब वाढायची आणि साखर वाढायची भीती जास्त असते. तुला तर आधी झटके येऊन गेलेत. तेव्हा दोघांवरही नजर ठेवायची. उपाशी राहायचं नाही. भाकरी, भाजी, उसळ, डाळ पोटभर खा. भात कमी, चहात साखर नको, पेढे-लाडू बंद. आणि जेवल्यावर चालायचं."

"आनि चव घ्यायची?" सुनयनानं विचारलं.

"चव ह्या घेतील," त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मग वजनाचं निघालं. दवाखान्यातल्या काट्यावर सुनयना उभी राहिली तसा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन अडकला. पुढे आकडेच नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, कुठूनही करा, पण दर आठवड्याला वजन करा आणि पंधरा दिवसांनी येऊन मला सांगा. हौसाही आमच्याबरोबर आला होता, दारात उभा होता. त्याचं तोंड एकदम उजळलं. "आवं बाई, आमच्याकडं काट्यांला काय तोटा?"

त्या रविवारी बाजार बंद असताना आम्ही तिला गाळ्यावर नेलं. तिथे शहाजी होता. शहाजी आमच्या टोळीबरोबरचा मापाडी. कांद्याची गोणी काट्यावर चढली की दांडीवरचं वजन सरकवून तोल सांगायचा, हे त्याचं काम. सहा वर्षं तो सुनयनाच्या हातचं जेवत होता. तिला काट्यावर चढवताना त्यानं आपलं उपरणं खाली अंथरलं. दांडी जुळवली. आणि मग त्या शहाण्यानं, रोज गोणीमागून गोणी ओरडायची सवय असलेल्या गळ्यानं, टिपेला जाऊन आरोळी ठोकली, "एकशे चौतीऽऽस!"

रिकाम्या गाळ्यात ती आरोळी घुमली. पलीकडे गोण्यांवर पत्ते खेळणारे गडी माना वर करून बघायला लागले. शहाजीनं जीभ चावली, पण उपयोग काय? सुनयना खाली उतरली. घरी आल्यावर जेवली नाही. लोक जाडी म्हणाले तर हसून सोडणारी बाई त्या आकड्यानं मात्र पार खचली. पुढच्या रविवारी येईनाच. "मी काय कांदा हाय व्हय, वन्सं?" म्हणून रडली. मी समजूत घातली, मग ओरडले, मग तिचा हात धरून ओढत नेलं.

त्या खेपेला शहाजी अगदी हळू आवाजात म्हणाला, "एकशे एकतीस, वहिनी." सुनयनाचा चेहरा खुलला. मीही खूश झाले. दांडीवरचे बारीक आकडे मला दिसत नव्हते, आणि दिसावेत असं मनातही आलं नाही. पेढे बंद केले, चहातली साखर तोडली, त्याचं फळ मिळालं, एवढंच मला वाटलं.

खरी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. बाजारात गोणीचं वजन झालं की बारदानाचं, मातीचं, ओलीचं म्हणून त्यातून काहीतरी वजा करतात. त्याला कडता म्हणतात. नियमात बसो न बसो, वर्षानुवर्षं चालत आलेलं. शहाजीनं सुनयनाच्या वजनाला कडता लावला होता. लुगडं, बांगड्या, मंगळसूत्र, असं मनाशी धरून दोन-तीन किलो उडवले. ती हसली, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा उडवले. त्याला वाटत होतं, डॉक्टरीणबाई वजन मागतात ते वहिनीला रागवायला. आकडा कमी असला म्हणजे बोलणी कमी बसतील. गरीब बिचारा, मायेनंच करत होता.

महिने चांगले चालले होते, हे मात्र खरं. सुनयना जेवून उठली की सेक्टरला दोन फेऱ्या मारायची. तिच्यामागे मी, माझ्यामागे कधी कधी टोळीतला एखादा गडी, "वहिनी, गाडी सुटंल, पाय उचला," म्हणून चिडवत. आमटीची चव मी घ्यायला लागले आणि गड्यांनी मीठ जास्त झाल्याची तक्रार केली. "बाळ होईपर्यंत खारट खा," मी सांगितलं, "मरत नाही." साखरेची तपासणी झाली, साखर काठावर होती पण आत होती. दाबही थोडा वर, गोळीनं धरून ठेवलेला. डॉक्टर खुर्शीद दर वेळी एकच गोष्ट बजावायच्या. "खाऊन वाढलेलं वजन सावकाश वाढतं. एका आठवड्यात दोन किलो चढलं, तर ते खाणं नव्हे. अंगात पाणी साठतंय आणि दाब चढतोय. मग माझ्या तारखेची वाट बघायची नाही. तशीच उठून यायचं." हे त्यांनी सुनयनाला सांगितलं, मला सांगितलं. शहाजीला सांगावं असं कुणालाच सुचलं नाही.

आठवा महिना लागला. त्या रविवारी वजन झालं, शहाजी म्हणाला, "मागच्यावानीच हाय." सोमवारी सकाळी माझं लक्ष सुनयनाच्या पायांकडे गेलं. बोटांत जोडवी नव्हती. मी फैलावर घेणार तेवढ्यात ती म्हणाली, "रुतायला लागली वो वन्सं. उभं राहून राहून पाय सुजलेत."

मी वाकून तिचे पाय चाचपले. पण वजन तर वाढलं नव्हतं. दाब चढला असता तर वजनात कळलं असतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दुपारी पंगत बसली तेव्हा मी वाढता वाढता स्वतःशीच बोलल्यासारखी मोठ्यानं म्हणाले, "पाय सुजलेत, पण वजन काही वाढलं नाही, हे बरं. आठवड्यात दोन किलो चढलं असतं तर झटक्याची भीती होती म्हणे."

शहाजीचा घास हातातच राहिला. मग ताटाला हात टेकवून उठला आणि तसाच खरकट्या हातानं माझ्यापुढे आला.

"आक्का," तो म्हणाला, "म्या खोटं बोललो."

"काय खोटं?"

"वजन वाढलंय. काल दांडी लई सरकवाया लागली. पाच किलोनं वाढलंय, आक्का. म्या कडता लावला. दुसऱ्या खेपंपासनं लावतोय." आणि एवढा मोठा गडी ओक्साबोक्शी रडायला लागला.

हौसा ताटावरून उठला तो सरळ त्याच्या गळपट्टीलाच धरायला. त्याचे डोळे बघून मी मधे पडले. "मारामारी मागनं करा," मी ओरडले. "आधी टेम्पो आण!" सुनयना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या हातात भाकरी होती आणि ती भाकरी तिनं खाली ठेवलीच नाही. तशीच टेम्पोत बसली.

कांद्याच्या टेम्पोत पुढे ती आणि मी, मागे हौसा आणि शहाजी. कोपरखैरणे येईपर्यंत मी तिचा हात धरून होते. तो हात फुगून टम्म झाला होता आणि मला रोजच्या रगाड्यात ते दिसलंही नव्हतं. देवाचं नाव घ्यावं तर तेही सुचेना. हिला काही होऊ नये, एवढंच मी घोकत होते. मूल राहिलं नाही तर नाही, पण ही राहू दे, असंसुद्धा मनात आलं, आणि आलं याची मला लाज वाटली नाही.

डॉक्टर खुर्शीद यांनी रुंद पट्टा बांधला, पारा चढवला आणि पुन्हा एकदा चढवला. लघवी तपासली. मग विचारलं, "डोकं दुखतंय?" सुनयना म्हणाली, "थोडं. चार दिस झालं." डोळ्यांपुढे काही चमकतं का, म्हणून विचारलं. तिनं मान डोलावली. डॉक्टरांनी तिथूनच वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. मग बाहेर आल्या आणि विचारलं, "वजन खरं किती आहे? मला आठवड्या-आठवड्याचं पाहिजे." शहाजी भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं सगळे खरे तोल एका दमात सांगितले. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे सगळं याच आठवड्यात चढलंय. वेळेत आलात. पण आता इथे थांबू नका."

हॉस्पिटलात तिला झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली, दाबाची औषधं दिली, खोलीत अंधार केला. डॉक्टरांना मुलाला पोटात आणखी थोडे दिवस मिळवून द्यायचे होते. ते दिवस आम्ही कसे काढले, सांगता येत नाही. खानावळ बंद ठेवली नाही. टोळीतल्या गड्यांनीच चूल पेटवली आणि काय कच्चंपक्कं रांधलं ते त्यांचं त्यांना माहीत. माझ्या डब्याला मात्र रोज कुणी ना कुणी हजर. शहाजी तेवढा वर यायचा नाही. गेटाबाहेर उकिडवा बसून राहायचा.

मग एका सकाळी दाब पुन्हा चढायला लागला आणि डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन करून मूल काढलं. आम्ही दाराबाहेर उभे होतो. हौसानं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की पुढे दोन दिवस दुखत होता. आणि आतून रडण्याचा आवाज आला. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण आला. हौसानं माझा दंड सोडला आणि दाराला कान लावला. मी तिथेच भिंतीला टेकून रडले, आणि माझं मलाच कळेना की हसतेय की रडतेय.

मुलगी. दोन किलोलाही कमी, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण हातपाय झाडत होती. मी म्हटलं, सुटलो. डॉक्टर खुर्शीद बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अजून नाही, वेणूबाई. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात. हिचा दाब उतरेपर्यंत मला चहासुद्धा पाजू नका." तो दाब पहिल्या दिवशी उतरला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं पट्टा सोडला आणि म्हणाली, "आलाय खाली." संध्याकाळी त्याहून खाली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर खुर्शीद स्वतः माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आता आणा चहा. साखर घालून." माझ्या आयुष्यात मी एवढा आनंदानं चहा कुणाला दिला नसेल. पिता पिता त्यांनी बजावलं की हे एवढ्यावर संपलं नाही. ज्या बाईला गरोदरपणात असा दाब चढतो तिला पुढेही दाबाचा, साखरेचा, हृदयाचा त्रास होऊ शकतो, तेव्हा दर वर्षी तपासणी, आणि चालणं सोडायचं नाही. मी म्हटलं, बाई, तुम्ही सांगाल तिथपर्यंत चालवते हिला.

दुसऱ्या दिवशी सुनयनानं शहाजीला वर बोलावून घेतलं. तो पायांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, ही रडेल नाहीतर तो रडेल. पण ती उशीला टेकून नीट बसली आणि म्हणाली, "भावजी, मला लाज वाटू नये म्हनून केलंसा, ते मला कळतंय. पर लाजंनं मानूस मरत न्हाय. दाबानं मरतंय. फुडं मला कमी सांगू नगा." शहाजी म्हणाला, "न्हाय सांगनार, वहिनी." मग ती म्हणाली, "आनि जेवलात का?" तो नाही म्हणाला. तिनं मला सांगितलं, वन्सं, डब्यातलं त्यांना वाढा. हौसा बाजूलाच होता. त्यानं तोंड फुगवलं होतं, पण डबा त्यानंच उघडला.

आम्ही हॉस्पिटलात आणखी काही दिवस होतो. नर्स येता-जाता पट्टा बांधायची आणि दर वेळी विचारायची, "डोकं दुखतंय का?" सुनयना म्हणायची, नाही. पुन्हा यायची, पुन्हा विचारायची. मुलगी पेटीतून आईजवळ दिली त्या दिवशी तर नर्सच्या पाठोपाठ डॉक्टरांनीही तेच विचारलं. मला त्याचा कंटाळा आला होता, म्हणून मी म्हटलं, "किती वेळा तेच ते विचारतात गं या!"

सुनयना मुलीला पदराखाली घेत होती. ती म्हणाली, "विचारू द्या, वन्सं. मला बरं वाटतंय."

मग म्हणाली, "माहेरी त्या वख्ताला आठ दिस माझं डोकं ठणकत हुतं. कुनी म्हनलं पित्त, कुनी म्हनलं दिष्ट लागली. मीठ-मिरच्या ववाळून टाकल्या. असं एकानं जरी विचारलं असतं, तर माझा पोरगा आज साळंत जात असता."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मुलगी दूध ओढायला लागली होती, आणि सुनयना डोळे पुसून तिच्याकडे बघत होती.